शेण चुलीत, कडबा गोठ्यात, मग शेताला काय? टिग्रायमधल्या एका कामाचा अभ्यास

इथिओपियाच्या उत्तर टोकाला टिग्राय हा डोंगराळ प्रांत आहे. शेती बरीचशी दीड ते अडीच हजार मीटर उंचीवर, उतारावर. पाऊस जून ते सप्टेंबर, त्यातही खरा जोर जुलै-ऑगस्टचा. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, दक्षिणेला थोडा जास्त. हा आकडा माण-खटावच्या माणसाला फारसा वाईट वाटणार नाही. पण तिथे पडतो तो कडाडून पडतो, उघड्या उतारावरची माती घेऊन जातो आणि कधी कधी ऑगस्टअखेरीलाच पाठ फिरवतो. दाणा भरायच्या वेळेला जमिनीत ओल नसते.

जमीन हजारो वर्षं बैलाच्या नांगराखाली आहे. डोंगरावरची झाडं सरपणाला गेली. सरपण संपलं तसं शेण चुलीत जाऊ लागलं. कडबा आणि भुसा गुरांना. सुगी झाली की शेतं गावाच्या गुरांना मोकळी, त्यामुळे धसकटंही उरत नाहीत. म्हणजे शेतातून दरवर्षी सगळं बाहेर जातं आणि परत काहीच येत नाही. त्यावर १९७५ ते १९९१ अशी सोळा-सतरा वर्षं यादवी युद्ध. १९७३-७४ चा दुष्काळ (आपल्याकडच्या बहात्तरच्या दुष्काळाच्या लगतचा, पण तिथे माणसं मोठ्या संख्येने मेली) आणि जगाच्या टीव्हीवर दिसलेला १९८४-८५ चा दुष्काळ, हे दोन्ही याच मुलखाने आणि शेजारच्या वोल्लोने सोसले.

युद्ध संपल्यावर आलेल्या सरकारने शेतीउत्पन्न वाढवायला जो मार्ग धरला तो ओळखीचाच होता: सुधारित बियाणं, डीएपी आणि युरिया ही रासायनिक खतं, तेही उधारीवर. चांगल्या पावसाच्या भागात त्याने पीक वाढलं. टिग्रायच्या कोरड्या भागात मात्र पाऊस दगा देई, पीक जाई आणि खताचं कर्ज अंगावर राही. पुढच्या वर्षी ते फेडायला शेळी किंवा बैल विकायचा. बैल विकला की नांगरट दुसऱ्याच्या मेहेरबानीवर, आणि पेरणीला उशीर.

या पेचातून काही गावं कशी बाहेर आली आणि त्यात स्यू एडवर्ड्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं काय केलं, ते इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामाची ओळख सगळीकडे 'कंपोस्टने उत्पन्न दुप्पट' अशी करून दिली जाते आणि ती अपुरी आहे. कंपोस्ट कसं करायचं हे तिथल्या कृषी खात्याला आधीपासून ठाऊक होतं. कंपोस्टमध्ये घालायला काही नव्हतं, हा खरा अडसर होता.

बाईंची ओळख

स्यू एडवर्ड्स मूळच्या इंग्लंडच्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या इथिओपियात जीवशास्त्र शिकवायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांचे पती तेवोल्दे बेरहान गेब्रे एग्झिअबहेर हे टिग्रायचेच, तेही वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे ते इथिओपियाच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे प्रमुख झाले. जैवसुरक्षेच्या (जनुक बदललेल्या जीवांच्या व्यवहाराबद्दलच्या) कार्टाजेना कराराच्या वाटाघाटींत आफ्रिकी देशांची बाजू त्यांनी लढवली, आणि २००० साली त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. बातम्यांत नाव त्यांचं असे. शेताच्या बांधावरचं काम बरंचसं स्यू एडवर्ड्स यांच्याकडे होतं.

त्यांचा मूळ व्यासंग वर्गीकरणाचा. इथिओपिया आणि एरिट्रियाच्या वनस्पतींचा जो अनेक खंडांचा कोश अदिस अबाबा आणि स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठांनी मिळून तयार केला, त्याच्या संपादकांपैकी त्या एक. ते काम १९८० च्या सुमारास सुरू झालं आणि २००९ मध्ये पुरं झालं. म्हणजे मृदाशास्त्र किंवा कृषिविद्या हा त्यांचा विषय नव्हता. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांची नावं लावणाऱ्या बाई खताच्या खड्ड्यात उतरल्या. मला हा योगायोग वाटत नाही. बांधावर, ओघळीत, रस्त्याकडेला उगवणारं 'तण' म्हणून सगळे ज्याकडे बघतात, त्यातलं प्रत्येक झुडूप त्यांना नावानिशी माहीत होतं: कुठलं गुरं खातात, कुठलं खात नाहीत, कुठलं लवकर कुजतं, कशाच्या फुलावर मधमाशी येते. ज्या मुलखात सेंद्रिय मालाचीच वानवा आहे, तिथे ही माहिती भांडवल ठरते.

चार गावं

१९९५ मध्ये सरकारी वर्तुळातून तेवोल्दे यांना विचारणा झाली, की बाहेरून विकत आणलेल्या खतावर विसंबून न राहता गरीब शेतकऱ्याला जमीन सुधारून उत्पन्न वाढवता येईल असं काही आखता येईल का. १९९६ मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट ही संस्था उभी राहिली. एडवर्ड्स तिच्या प्रमुखांपैकी. मलेशियातल्या थर्ड वर्ल्ड नेटवर्कने पैसे दिले. प्रांताचं कृषी खातं आणि मेकेले इथलं विद्यापीठ सोबतीला होतं. हैलू आराया आणि आरेफायने अस्मेलाश ही दोन नावं इथे घ्यायलाच हवीत. गावोगावचं रोजचं काम टिग्रिन्या बोलणाऱ्या या मंडळींच्या अंगावर होतं.

गावं निवडताना एक शहाणपण केलं. यश दाखवायला सोपी अशी एकाच धाटणीची गावं घेतली नाहीत. दक्षिणेला हाशेंगे सरोवराजवळचं अदी अबो मोसा तुलनेने पावसाचं, गुरं बरी, हिरवळ बरी. मध्य टिग्रायमध्ये प्राचीन अक्सूम शहराजवळचं अदी नेफास, ओघळींनी चिरलेलं. पूर्वेला झेबान सास आणि गुएम्से, वाळूमिश्रित हलकी जमीन आणि कमी पाऊस. इथल्या कोरड्या भागात जव आणि गहू एकत्र पेरण्याची जुनी रीत आहे, त्या मिश्र पिकाला हान्फेत्स म्हणतात: पाऊस बरा झाला तर गहू हाती येतो, ओढला तर निदान जव. असा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला जोखीम म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

गावाशी बोलून एक यादी ठरली: कंपोस्ट, बांधाच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारे चर, ओघळीत दगडी बांध, बांधांवर आणि ओघळीत शेवरीसारखी चाऱ्याची झाडं, छोटी तळी, आणि चराईचे गावाने स्वतः केलेले नियम. कुणी काय आणि किती उचलायचं, ते शेतकऱ्यावर. सुरुवातीला फार थोड्या कुटुंबांनी हात घातला. मोठी मोहीम कुठेच झाली नाही.

यातली मातीकामाची बाजू टिग्रायला नवी नव्हती. दरवर्षी शेतीची कामं नसतात त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक धडधाकट माणसाने ठरावीक दिवस श्रमदान करायचं आणि डोंगराला दगडी बांध घालायचे, ही पद्धत तिथे युद्धकाळापासून रुजलेली होती. अख्ख्या डोंगरावर पायऱ्या दिसतात त्या या श्रमदानातल्या. एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तयार घडी वापरली, तिच्यावर नवा डोलारा उभा केला नाही. आपल्याकडे बहात्तरनंतर रोजगार हमीवर नालाबांध आणि चर झाले. त्यातले किती पुढे गाळाने भरून तसेच पडले हे आपण पाहतो. तिथेही तसंच झालं असतं. फरक पडला तो बांधाच्या वर काय उगवतं आणि ते कोण खातं, या प्रश्नाला हात घातल्यामुळे.

गुरं कुणाची, गवत कुणाचं

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि नेमकी हीच बाजू अहवालांत दोन ओळींत उरकली जाते.

गुरं मोकाट चरतात तोवर ओघळीत लावलेली शेवरी टिकत नाही. बांधावर गवत राहत नाही. कंपोस्टला लागणारा हिरवा पाला कुठूनच मिळत नाही. म्हणून पहिला निर्णय चराईचा. पण चराई बंद करणं म्हणजे ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि शेत नसल्यासारखंच आहे, त्याच्या ताटातला घास काढणं. हा निर्णय बाहेरचा कुणी घेऊ शकत नाही. टिग्रायमध्ये गावपातळीवर बाइतो नावाची निवडलेली परिषद असते, आणि गावाने आपसांत ठरवलेल्या नियमांची जुनी परंपराही. संस्थेने त्या परंपरेलाच लेखी रूप द्यायला मदत केली. कुठला भाग बंद, किती काळ बंद, कुणाचं जनावर सापडलं तर दंड किती, दंड कुणी वसूल करायचा, आणि बंद भागातलं गवत कापून कुणाला कसं वाटायचं, हे सगळं गावाने ठरवलं.

आपल्या वाचकाला इथे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आठवेल: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. साम्य खरं आहे. टिग्रायमधली एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. बंदीच्या आधी, निदान बंदीबरोबरच, गवत वाटपाचा नियम झाला. बंद माळावरचं गवत उभं वाळून गेलं असतं तर शेळीवाल्याने नियम मोडलाच असता. ते कापून दावणीला घालता येतं, म्हणजे त्याच माळातून पूर्वीपेक्षा जास्त चारा निघतो, हे त्याला पहिल्याच हंगामात दिसलं. दावणीला बांधलेल्या जनावराचं शेण आणि मूत एका जागी गोळा होतं, हा पुढचा फायदा. रानात पडणारं शेण खड्ड्यापर्यंत पोचत नाही.

अदी नेफासच्या ओघळीचं उदाहरण या कामाच्या प्रत्येक वर्णनात येतं, आणि यावंच. पावसाळ्यात शेतं कापत जाणारी खोल घळ. तिच्यात टप्प्याटप्प्याने दगडी बांध घातले. बांधांमागे गाळ साचला, गाळात गवत आणि शेवरी लावली, आणि गुरांना मज्जाव केला. काही वर्षांत घळ चाऱ्याची जागा झाली. जमिनीत पाणी मुरायला लागलं, तसा खालच्या अंगाला ओलावा टिकू लागला. शेवरीच्या फांद्या छाटून गुरांना, काड्या चुलीला. चुलीत शेवरीच्या काड्या गेल्या म्हणजे तेवढं शेण वाचलं, आणि वाचलेलं शेण खड्ड्यात गेलं.

शेवरी आपल्याकडेही बांधावर, पानमळ्यात लावतात. तिचं कौतुक करण्याचं कारण साधं आहे: ती मुळांवर नत्र बांधते, लवकर वाढते, छाटली की परत फुटते. गरीब माणसाला लवकर हे सगळ्यात मोलाचं. दहा वर्षांनी सावली देणारं झाड लावा, असं दुष्काळातल्या माणसाला सांगणं उद्धटपणाचं आहे.

खड्डा कधी भरायचा

कंपोस्टची कृती इथे तपशिलाने देत नाही. नाडेप किंवा साध्या खड्ड्याने खत करणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल: तळाला जाड काड्या, वर हिरवा-वाळला पाला, शेण-मूत, राख आणि मातीचा हलका थर, पुन्हा तोच क्रम. मधोमध एक काठी उभी रोवायची. ती काढून हात लावला की आत ऊब धरली आहे का, ओल आहे का, ते कळतं. थर्मामीटर नसलेल्या शेतकऱ्याला ही काठी पुरते. आरेफायने अस्मेलाश आणि हैलू आराया यांच्यासह एडवर्ड्स यांनी जी मार्गदर्शिका तयार केली तिच्यात या काठीला सन्मानाची जागा आहे.

खरी गोम वेळेत होती. कृषी खात्याच्या जुन्या सल्ल्यात खड्डा उन्हाळ्यात, म्हणजे शेतकरी मोकळा असतो तेव्हा, भरायचा. तेव्हा हिरवं काहीच नसतं, आणि खड्ड्यावर ओतायला पाणी आणायचं कुठून? बाईमाणसाने तासभर चालून आणलेलं पिण्याचं पाणी खड्ड्यात ओतणं कुणी मान्य करणार नाही. पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बांधावरचं तण हिरवं आणि ओलं असतं. तेव्हाच ते कापून खड्डा भरला तर पाणी जवळजवळ लागत नाही, आणि तणाचं बी पडायच्या आत तण निघतं हा वेगळा लाभ. वेळ एवढीच बदलली आणि कोरड्या भागातही कंपोस्ट होऊ लागलं. कोरड्या जागी खड्डा, जास्त पावसाच्या जागी जमिनीवर ढीग, हेही त्या-त्या गावाने ठरवलं.

मोजलं कसं

१९९८ पासून टिग्रायच्या कृषी खात्याने कंपोस्टला आपल्या विस्तार कार्यक्रमात जागा दिली. तरी 'शेणखताने देश जगणार का' असं म्हणणारे खूप होते. त्यांना उत्तर म्हणून २००० पासून पद्धतशीर मोजणी सुरू झाली. पद्धत कृषी खात्यांना सवयीची, आपल्याकडे पीक कापणी प्रयोग म्हणतात तीच. शेतात एक-एक चौरस मीटरचे तीन तुकडे, पीक चांगलं-मध्यम-वाईट असेल तिथले घ्यायचे, कापायचे, मळायचे, दाणा आणि कडबा वेगळा तोलायचा. शेजारशेजारच्या शेतांची तुलना: काहीच न घातलेलं, कंपोस्ट घातलेलं, रासायनिक खत घातलेलं. शेतकरी मोजताना हजर. एडवर्ड्स यांच्यातली वर्गीकरणकार इथे दिसते: नमुना घेतला नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर दावाही नाही.

२००० ते २००६ या काळात साडेनऊशेहून जास्त शेतांतून असे नमुने जमले: जव, गहू, हान्फेत्स, टेफ (इथिओपियाचं बारीक दाण्याचं मुख्य धान्य), मका, नाचणी, बाकला हे कडधान्य. निकाल सगळ्या मुख्य पिकांत एकाच दिशेचा होता. कंपोस्टच्या शेतात काहीच न घातलेल्या शेताच्या साधारण दुप्पट दाणा, आणि सरासरीत रासायनिक खताच्या शेतापेक्षाही जास्त. कडबाही वाढला, आणि गुरांच्या दृष्टीने ती बाब दाण्याइतकीच मोठी. शेतकऱ्यांनी स्वतःहून सांगितलेली गोष्ट मला आकड्यांहून बोलकी वाटते: पाऊस लवकर थांबला तर कंपोस्टच्या शेतातलं पीक दोनेक आठवडे उशिरा माना टाकतं. दाणा भरायचा काळ तेवढाच असतो. शिवाय एकदा घातलेलं कंपोस्ट पुढच्या हंगामातही काम करतं, त्यामुळे थोड्या खतात शेतं आलटून पालटून सांभाळता येतात. उधारीच्या युरियाला ही सोय नाही.

प्रांताच्या पातळीवरचे आकडे असे दिले जातात: १९९८ ते २००५ मध्ये टिग्रायमधला रासायनिक खताचा वापर १३.७ हजार टनांवरून ८.२ हजार टनांवर आला, आणि २००३ ते २००६ मध्ये धान्याचं उत्पादन ७ लाख १४ हजार टनांवरून १३ लाख ५४ हजार टनांवर गेलं. २००७ च्या सुमारास प्रांतातले निदान चौथाई शेतकरी कंपोस्ट करत होते.

आकड्यांशी थोडी झटापट

यातला धान्याचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झाल्याचा आकडा मी कुणापुढे ठेवताना हात आखडता घेईन. २००२-०३ हा इथिओपियात मोठ्या दुष्काळाचा काळ. तळातल्या वर्षापासून मोजलं तर कुठलीही चढण उंच दिसते. २००६ पर्यंत पाऊसही सुधारला होता आणि शेततळ्यांचं कामही झालं होतं. दुपटीचं सगळं श्रेय कंपोस्टला देणं बरोबर नाही. स्वतः संस्थेच्या मांडणीत खत घटल्याचा आणि उत्पादन वाढल्याचा असे दोन आकडे शेजारी ठेवलेले असतात, आणि वाचणारा मधला दुवा आपणच जोडून घेतो.

शेतातल्या मोजणीलाही मर्यादा आहे. कुठल्या शेतात कंपोस्ट घालायचं हे शेतकऱ्याने ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नव्हे. घराजवळच्या, आधीच बऱ्या असलेल्या जमिनीत खत जाण्याची शक्यता जास्त. डोक्यावरून वाहून न्यायचं खत कुणी लांबच्या खडकाळ तुकड्यात नेत नाही. त्याने कंपोस्टचा आकडा फुगतो. उलट बाजूने, यंदा 'काही न घातलेलं' म्हणून मोजलेल्या शेतात गेल्या वर्षीचं कंपोस्ट असू शकतं, आणि त्याने फरक कमी दिसतो. दोन्ही चुका एकमेकींना किती छाटतात ते नमुन्यांवरून कळत नाही. तरीही इतक्या शेतांत, इतक्या पिकांत, इतकी वर्षं एकच दिशा दिसते, ती झटकून टाकता येत नाही. रासायनिक खत टिग्रायमध्ये मागे का पडलं याचं कारणही गूढ नाही. ओल नसेल तर युरिया पिकाला मिळतच नाही. भरपूर पाण्याच्या प्रदेशात हीच तुलना केली तर निकाल असाच येईल, असं मी म्हणणार नाही.

मजुरीचा प्रश्न जास्त टोचतो. खड्डा खणायचा, पाला कापायचा, वाहायचा, उलथायचा, पुन्हा शेतावर न्यायचा. ज्या घरात काम करणारे हात आहेत त्यांना जमतं. युद्धामुळे टिग्रायमध्ये बाईच्या एकटीच्या खांद्यावर चालणारी घरं पुष्कळ, आणि तिथल्या रूढीप्रमाणे बाईने नांगर धरायचा नाही. बैलही नसेल तर तिला जमीन बटाईने द्यावी लागते. दुसऱ्याला दिलेल्या जमिनीत स्वतःच्या घामाचं कंपोस्ट कोण घालेल? संस्थेने अशा घरांना मुद्दाम सोबत घेतलं. परसातला भाजीपाला, मिरची, फळझाडं अशा नांगराशिवाय होणाऱ्या गोष्टींत त्यांना कंपोस्टचा फायदा झाला. मुख्य शेताचा तिढा मात्र खताने सुटणारा नव्हता. तो बैलाचा आणि रूढीचा होता.

पुढचं थोडक्यात. पर्यावरण प्राधिकरणामार्फत हे काम इतर प्रांतांत नेलं गेलं. टिग्रायमधलंच वुक्रोजवळचं अब्रेहा वे अत्स्बेहा हे गाव तिथल्या लोकांनी अशाच चराईबंदी आणि पाणी मुरवण्याच्या कामातून उभं केलं, आणि त्याला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये वाळवंटीकरण रोखणाऱ्या धोरणांसाठीचा वर्ल्ड फ्यूचर कौन्सिलचा सुवर्ण पुरस्कार टिग्राय प्रांताला मिळाला. २०१८ मध्ये स्यू एडवर्ड्स गेल्या. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या दोन वर्षांत पुन्हा युद्ध झालं. बाहेरून खत, बियाणं, इंधन येणं जवळजवळ थांबलं, कोळशासाठी आणि सरपणासाठी राखलेली झाडं तुटली, बैल मारले किंवा पळवले गेले. २०२३ मध्ये तेवोल्देही गेले. अवर्षणाला तोंड देण्यासाठी केलेल्या या रचनेत बैल आणि माणसं गावात असणार हे गृहीत धरलेलं होतं.

नाचणीची लावणी

एक फांदी सांगायची राहिली, आणि मराठी वाचकाला ती सगळ्यात जवळची वाटेल.

नाचणी मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, तिथून ती आपल्याकडे आली. कारळंही तिकडचंच, आपण चटणी करतो त्या कारळ्याचं तेल हे इथिओपियाचं पारंपरिक तेल. आपल्याकडे सह्याद्रीच्या उतारावर नाचणीचं रोप तयार करून आवण लावतात, निदान लावायचे. टिग्रायमध्ये मात्र नाचणी फेकून पेरतात. २००३ च्या सुमारास अक्सूमजवळच्या एका वयस्क शेतकरी बाईने एडवर्ड्स यांच्या गटाच्या मदतीने रोपं वाढवून, अंतर ठेवून, कंपोस्टच्या शेतात लावून पाहिली. फुटवे आणि कणसं पाहून शेजारी बघायला येऊ लागले. पाऊस उशिरा सुरू झाला तरी रोप घराजवळच्या वाफ्यात थोड्या पाण्यावर वाढत राहतं, हंगाम वाया जात नाही, हा त्यातला दुष्काळी फायदा. मग इतर पिकांतही अंतराची लागवड करून पाहिली गेली, टेफमध्येसुद्धा. टेफचा दाणा खसखशीएवढा असतो, तो ओळीत टाकायचा म्हणजे बोटांची परीक्षाच.

त्यानंतरच्या दशकात इथिओपियाच्या सरकारने टेफ ओळीत पेरण्याची मोहीम देशभर हाती घेतली. शेतकऱ्यांच्या शेतात मिळालेली वाढ प्रायोगिक क्षेत्रावरच्या वाढीइतकी आली नाही, आणि मजुरी मात्र पुष्कळ वाढली. बऱ्याच जणांनी ती एखाद्या तुकड्यापुरतीच ठेवली. अक्सूमच्या त्या बाईने घराजवळच्या थोड्या जागेत, हाताशी कंपोस्ट असताना, आपल्या मर्जीने जे केलं ते वरून आदेश म्हणून खाली आलं तेव्हा त्याचा हिशेब बदलला. कोकणात नाचणीचं आवण मागे पडण्याचंही हेच कारण शेतकरी सांगतात: लावणीला माणसं मिळत नाहीत.